मामाजींची लाल काच

माझ्या आतेच्या नवऱ्यावर, म्हणजे आमच्या मामाजींवर, अन्याय झाला तो दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, प्राणहितेच्या काठी, साऱ्या गावाच्या देखत. वेळ नेमकी सांगतो, कारण मामाजींनी ती त्यांच्या वहीत लिहून ठेवली आहे आणि मामाजींच्या वहीत चुकीची वेळ सापडत नाही. अन्याय कोणावर झाला तेही नीट ऐका. समुद्रापासून इतक्या दूर, सिरोंच्याच्या वरच्या अंगाला, साऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीत दीपगृह कशासाठी असतं हे कळणारा एकच माणूस आहे, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याचं दीपगृह पाडलं. 'आपण' म्हणालो. त्या यादीत माझं नाव पहिलं आहे, ते पुढे येईलच.

मामाजी तरुणपणी सेवायोजन कार्यालयाचा एक कागद खिशात घालून घरून निघाले तेव्हा गावाला वाटलं, लागला फॉरेस्टात. फॉरेस्टच्या पलीकडे सरकारी नोकरी असते हे गावाला ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी पत्र आलं की ते कोकणच्या समुद्रात एका खडकावर आहेत आणि तिथे दिवा लावतात. त्यांच्या आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "दिवा लावाले इतक्या दूर काऊन गेला? घरी काय दिवे नवते?" या प्रश्नाचं उत्तर देण्यात मामाजींचं उरलेलं आयुष्य गेलं असं म्हटलं तरी चालेल. त्या खडकावर दगडी बुरूज होता, वर काचेची खोली, खोलीत माणूस उभा राहील एवढं भिंग, भिंगाभोवती प्रिझमच्या कड्यांवर कडी, आणि हा सगळा डोलारा पाऱ्याच्या हौदात तरंगणारा. आत दिवा एवढासा, पण त्या कड्या त्याचा एकही किरण वाया जाऊ देत नाहीत, सगळे गोळा करून सरळ समुद्रावर सोडतात. "दोन बैलगाड्यांचं वजन, अन् एका बोटानं ढकललं का फिरते," असं म्हणून मामाजी समोरच्याच्या खांद्याला बोट लावायचे, आणि तो फिरला नाही तर नाराज व्हायचे. गावातले जाणते लोक पुढे पुढे स्वतःच फिरून घ्यायला लागले.

निवृत्त होऊन परत आले आणि त्यांना गावातली एकही वस्तू धड दिसेना. पाण्याची टाकी उंच होती, पण पांढरी. "ढगासमोर पांढरं कोनाले दिसन?" शाळा पिवळी, ग्रामपंचायत पिवळी, समाजमंदिरही पिवळं, नदीवरून येणाऱ्यानं गाव ओळखायचं कशावरून? दीपगृहाचा उजेड अंधारात कामाचा, दिवसा त्याचा बुरूजच ओळखू यावा लागतो, म्हणून त्याला ठळक पट्टे मारतात आणि शेजारच्या बुरुजाचे पट्टे मुद्दाम वेगळे ठेवतात, हे त्यांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. चर्चा घरकुलाच्या यादीची चालली होती. कोणी ऐकलं नाही तेव्हा त्यांनी स्वतःच्याच घराला लाल-पांढरे आडवे पट्टे मारले. दुसऱ्या आठवड्यात एक बाई तापलेलं लेकरू घेऊन सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीवर, येऊन बसली. तिला वाटलं नवा दवाखाना उघडला. मामाजी खूश. "पाह्य, दुरून दिसलं ना तुले?" आणि ते तिला पट्ट्यांचं महत्त्व सांगायला लागले. आतेनं लेकरू उचललं, खऱ्या दवाखान्यात नेलं, संध्याकाळी परत आली आणि म्हणाली, "उद्या कोनी बाळंतपनाले आली त तुमीच करजा."

दीपगृहांची एक रीत त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी भाषणातही चुकून सांगून गेलो आहे. प्रत्येक दिव्याची चमकण्याची चाल वेगळी. एक दिवा ठराविक वेळानं एकदा चमकतो, पुढचा लागोपाठ दोनदा, त्याच्या पुढचा एक लांब एक आखूड. खलाशी मोजतो आणि आपण कोणत्या किनाऱ्यासमोर आहोत ते ओळखतो. मामाजींनी हीच रीत गावातल्या टॉर्चना लावली. शेतातून उशिरा येणाऱ्यानं आपापल्या घराच्या चालीनं टॉर्च मारायची. लोकांनी हसत हसत सुरू केलं, मग सवय पडली, आणि मामाजी सपरीत बसल्या बसल्या आतेला सांगायचे, "सरपंचाचा लहाना आला. वाकडा चालून राह्यला, पन चाल बराबर मारून राह्यला." लग्नाच्या मांडवावर मात्र त्यांना न्यायची सोय नव्हती. त्या रंगीत झालरी धावायला लागल्या की ते हातातली पत्रावळ खाली ठेवायचे. "हे कोनतं गाव हाये गा? दर दोन सेकंदाले गाव बदलते. जहाज फुटून जाईन ना." नवरदेवाच्या बापाला त्यांनी एकदा भर पंगतीत झालर बंद करायला लावली होती. वरात अंधारात उभी राहिली आणि मामाजींनी शांतपणे दुसऱ्यांदा भात घेतला.

काच घाण दिसली की त्यांचा हात आपोआप खिशातल्या मलमलीच्या फडक्याकडे जातो. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या नाकावरचा चष्मा काढून, पुसून, परत नाकावर ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे. माणूस भांडायला उठला, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि पाहतच राहिला. बहुतेक पुष्कळ दिवसांनी त्याला आलापल्लीचं जंगल दिसलं असावं. आणि ती वही. नोकरीत दिवा लागल्याची, विझल्याची आणि हवामानाची नोंद ठेवायची असे, ती सवय घरच्या ट्यूबलाइटवर उतरली. 'लाईन गेली. कारण समजले नाही. नदी शांत.' 'लाईन आली. पत्नी नाराज. नदी शांत.' अशा सात वह्या ट्रंकेत आहेत.

हसा. मीही हसत होतो. आता नदीवर या.

आमच्या गावासमोर पात्रात एक आडवा खडक आहे. पावसाळ्यात तो खोल असतो, उन्हाळ्यात उघडा पडतो, आणि दिवाळीपासून पुढे, पाणी उतरत असताना, वीतभर पाण्याखाली दबा धरून राहतो. नेमक्या याच दिवसांत गावातल्या बाया पलीकडे तेलंगणात कापूस वेचायला जातात, नंतर मिरची तोडायला. सकाळी डोंग्यानं, म्हणजे लाकडी होडीनं, जायचं, दिवस बुडताना डोंग्यानं यायचं. डोंगा पोचमचा. पोचम नदीवरच वाढलेला, बोलतो निम्मं तेलुगू, निम्मं आपलं. मामाजी परत आले त्या वर्षी ते महिनाभर रोज संध्याकाळी त्याच्या डोंग्यात बसून नुसते जाऊन येत होते. कुठून काय दिसतं ते पाहत होते, सोबतच्या बायांना काय दिसत नाही ते विचारत होते. मग त्यांनी घाटापासून जरा वर, दरडीवर, धानाच्या राखणीला बांधतात तसं मचाण बांधलं, पण दुप्पट उंच. खांबांना चुन्याचे आणि काजळीचे पट्टे. वर पत्र्याचा डबा, डब्यात सौर कंदिलाचा दिवा, आणि भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर लावून दिव्यापुढून फिरणारी पट्टी, म्हणजे दिवा लागोपाठ दोनदा चमकायचा. आणि डब्याला दोन खिडक्या. पाणी खोल आहे त्या वाटेकडे साधी काच. खडकाकडे लाल काच. डोंग्यातून लाल दिसलं की समजायचं, आपण खडकाच्या रेषेत आलो. पांढरं दिसेपर्यंत वळायचं. बस. समुद्रावरही असंच करतात, धोक्याच्या दिशेला लाल काच.

पोचम आधी चिडला. "मी आईच्या पोटात होतो तवा नदी क्रॉस केली. मले दिवा दाखवते?" पंधरा दिवसांनी म्हणाला, "मामाजी, तुमचा तो लाल डोळा लय खराब. दिसला का मनात शिवी येते, अन् हात वळून जाते." मामाजींना मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. त्यांनी ते वहीत लिहिलं, शिवीसकट.

मी तेव्हा त्यांना विचारलं होतं की एवढा खटाटोप करता तर दिवा जरा मोठा लावा, बायांना वाट तरी दिसेल. ते म्हणाले, "दिव्याचं काम वाट दाखवाचं नाई. तू कुठी हायेस एवढंच सांगाचं. कुठी जाचं ते ज्याचं तो पाह्यन. दिवा पान्यावर उजेड पाडाले नसते, दुरून दिसाले असते." मी हे ऐकलं. समजलो नाही. मी चामोर्शीहून मजुरांच्या संघटनेच्या कामाला आलो होतो, मामाजींच्याच सपरीत संघटनेचं कार्यालय होतं, आणि मला पत्रक लिहायचं होतं.

पत्रकाचं शिक्षण असं असतं: मागणी एक, अक्षर मोठं, वाचणाऱ्याला अर्ध्या मिनिटात राग आला पाहिजे. एका म्हाताऱ्याच्या पत्र्याच्या डब्यावर पन्नास मजूर बायांचा जीव टांगलेला, हे पाहून मला खरोखरच राग आला होता. मी लिहिलं: घाटावर मोठा दिवा द्या. मामाजींनी मसुदा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. "मोठा नको मागू ना गा. लाल काचेची एक जादा जोडी माग, अन् बॅटरी माग. झालंच त परवानगी माग." मी म्हणालो, "मामाजी, लाल काचेसाठी मोर्चा निघत नसते." आते चुलीजवळून म्हणाली, "त्यायचं आयकून घे एकदा, इतकं सांगून राह्यले त." मी ऐकून घेतलं. ऐकून घेणं आणि पत्रक बदलणं यात फरक असतो. सरकारी कार्यालयावर मोर्चा निघाला. बाया कामाचा दिवस पाडून आल्या, उन्हात बसल्या, घोषणा दिल्या, आणि आपल्या भागात कधी होत नाही ते झालं: मागणी मान्य झाली. आम्ही गुलाल उधळला. मामाजींच्या कपाळालाही लावला.

मग तो सोमवार. हायड्रा क्रेन आली, लोखंडी खांब आला, वर चारी बाजूंनी तोंडं असलेले दिवे. केबल दरडीवरून जायची होती आणि मचाण मधे येत होतं. शिवाय सोबतच्या एका साहेबांना त्या डब्याचा वेगळाच संशय आला. जंगल, नदी, पलीकडे दुसरं राज्य, आणि इकडून कोणीतरी दोनदा दिवा चमकवतो, इशारा कोणाला? मामाजींनी निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून वह्या पुढे केल्या. साहेबांनी पानं उलटली. 'नदी शांत. नदी शांत. नदी शांत.' साहेब म्हणाले, "ही नदी म्हणजे कोण?" लोक हसले, साहेब हसले नाहीत. पावणेअकराला मचाणाचा पहिला खांब पडला. मामाजी एवढंच म्हणाले की काच आधी काढू द्या. खाली उतरवलेल्या डब्यातून त्यांनी लाल काच काढली, पुसली, मलमलीत गुंडाळली. मग साहेबांच्या चष्म्याकडे पाहिलं. हात पुढे गेला आणि तसाच मागे आला. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. गुलाल लावताना मी जितक्या जोरात ओरडलो होतो त्याच्या निम्म्यानेही ओरडलो असतो तर कदाचित ते थांबले असते. मी ओरडलो नाही. माझी मागणी मान्य झाली होती ना.

संध्याकाळी दिवे लागले. घाट दुधासारखा पांढरा झाला, सगळ्यांनी फोटो काढले. मामाजी घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभे राहिले आणि कोणालाही न दुखावता म्हणाले, "चांगला हाये. आता नदी कुठी हाये?" तेव्हा आम्ही पाहिलं. पायरीच्या पुढे काही नव्हतं. पाणी नाही, पलीकडचा काठ नाही, आकाशसुद्धा नाही. उजेड संपतो तिथे काळी भिंत उभी होती. काठावरून हे असं. नदीवरून येणाऱ्याच्या तर तो उजेड सरळ डोळ्यांत.

चौथ्या दिवशी पोचमचा डोंगा खडकावर गेला. आठ बाया होत्या, कापसाचे दिवस, दिवस नुकताच बुडालेला. पोचम सांगतो, "समोर पांढरा, पांढरा, पूरा पांढरा. हात वळतच नाई, कुठी वळन?" डोंगा चिरला. पोचमनं बायांना एकेक करून खडकावर उभं केलं, डोंगा आणि खडक यांच्यामधे त्याचं मनगट चेंगरलं. ज्या खडकाला सारा जन्म टाळलं त्याच्यावर वीतभर पाण्यात आठ बाया एकमेकींचे पदर धरून उभ्या होत्या, आणि आम्ही काठावर त्या लखलखाटात उभे राहून त्यांचा आवाज ऐकत होतो. दिसत एकही नव्हती. दुसरा डोंगा आवाजाच्या दिशेनं गेला आणि त्या परत आल्या. यावेळी आल्या. पोचमचं मनगट काही नीट जुळलं नाही.

मी दुसऱ्याच दिवशी त्याच सरकारी कार्यालयात गेलो. साहेब वेगळे होते, सभ्य होते, चहा मागवला. मी म्हणालो, नदीकडच्या तोंडाचे दिवे झाका आणि मचाण परत उभं करू द्या. त्यांनी फाइल उघडली आणि माझंच पत्रक माझ्यापुढे ठेवलं. मोठं अक्षर, एक मागणी. "लेखी मागणी तुमचीच आहे ना? उजेड द्या म्हणून लोक इथे रोज येतात. उजेड कमी करा म्हणून आलेले तुम्ही पहिलेच." त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यानंतर मी अकरा अर्ज दिले आहेत. उत्तर एकच येतं: मागणीनुसार काम पूर्ण झालेले आहे. आता पोचमचा भाऊ डोंगा चालवतो, पण उन्हं कलली की नदीत उतरत नाही. ज्या बायांना तेवढ्यात परतता येत नाही त्या पलीकडे शेतातल्या छपरात राहतात, आणि इकडे त्यांची घरं त्यांच्यावाचून. काही बायांनी जाणंच सोडलं. रस्त्यानं पुलावरून जायचं तर निम्मा दिवस त्यातच जातो.

मामाजींनी मला एक शब्द बोलून दाखवलेला नाही, हे सहन होत नाही. बोलले असते तर मी भांडलो असतो. भांडायला मला येतं. एकदाच, मीच विषय काढला तेव्हा, ते सपरीतून नदीकडे पाहत म्हणाले, "तुझी काय चुकी? तू काठावरून पाह्यला. दिवा लावनाऱ्याले दिवा दिसत नसते बाबा. मी सारी नोकरी त्या काचेच्या आत काढली. माह्या दिवा कसा दिसते ते मले रिटायर होऊन निघालो त्या दिवशी समजलं. बोटीत बसून चाललो होतो. दिवस बुडाला, अन् मागं पाह्यलं त दोनदा चमकला. मले वाटलं, कोनी हाक मारून राह्यलं." मग चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी समजलं, कोनासाठी लावत होतो ते. तवा लावाचं संपलं होतं."

टॉर्चच्या चाली गावात आता कोणी मारत नाही. घाटाच्या उजेडात त्या दिसतच नाहीत. मामाजी संध्याकाळी दरडीवर जाऊन बसतात, कपाळावर हात आडवा धरून त्या झळाळीच्या पलीकडे काही दिसतं का पाहतात, आणि आते त्यांना जेवायला बोलवायला जाते तेव्हा तीही थोडा वेळ तसाच हात धरून बसते. मी त्यांना लांबून पाहतो. मला वाटतं आपण हरलो आहोत. बारावा अर्ज लिहायला माझा हात उचलत नाही, कारण माझ्या अक्षरावर आता फाइलीत कोणाचा विश्वास नाही, माझाही नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, आणि हे सह्या गोळा करण्यासाठी नाही. मिरचीची तोडणी सुरू व्हायच्या आत या. पोचमचा भाऊ तुम्हाला खडकाच्या पुष्कळ वर, काठाला दोर बांधलेल्या डोंग्यात बसवून पात्रात नेईल. दिवस बुडू द्या, दिवे लागू द्या. मग आमच्या घाटाकडे तोंड करून बसा आणि खडक कुठे आहे ते सांगा. काठावर परत आलात की आधी मामाजींना सांगा तुम्हाला काय दिसलं नाही, त्यांनी दिवा बांधण्याआधी सगळ्यांना हेच विचारलं होतं. आणि मग तेच, तुमच्या स्वतःच्या अक्षरात, एका कागदावर लिहून त्या सरकारी कार्यालयात नेऊन द्या. अर्ज उद्यावर टाकू नका, माझ्यावर तर मुळीच सोपवू नका. खिडकीवर उभे राहा, शिक्का मारून घ्या, आणि पोचपावती हातात आल्याशिवाय तिथून हलू नका.